माशाची बाटली आणि चंपापुरी



मागच्या लेखात मुरंब्याचं लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं की बाहेर खाण्याबद्दल का लिहीत नाही. लिहायचं टाळत होते, कारण त्यात माझीच एक चूक आहे. आता तीन महिने झाले, मन निवलं, म्हणून लिहिते.

आमच्या घाटकोपरला घरापासून चालत दहा मिनिटांवर एक छोटं व्हिएतनामी हॉटेल निघालं आहे. सात-आठ टेबलं, भिंतीवर बांबूच्या टोप्या, कॉलेजच्या मुलांची गर्दी. सूनबाईच्या मनात होतं की आईंचा वाढदिवस या वेळी तिथेच करायचा. तिने आधी फोन केला, जाऊन विचारलं, कांदा-लसूण नको, जमीकंद नको, शुद्ध व्हेज पाहिजे असं तीनदा सांगितलं. "हो मॅडम, जैन मिळेल," असं उत्तर आलं. चौविहाराच्या आत यायचं म्हणून आम्ही साडेपाचलाच जाऊन बसलो. भाताच्या पातळ पापडात गुंडाळलेल्या काकडी-पुदिन्याच्या सुरळ्या आल्या, सोबत वाटीत आंबट-गोड पातळ चटणी. चव छान होती. मी तीन खाल्ल्या.

नात हात धुवायला गेली ती परत येऊन म्हणाली, "आजी, तिथे बाटलीवर माशाचं चित्र आहे."

चटणी त्या बाटलीतली होती. मालक तरुण मुलगा, बिचारा खरोखर गोंधळला. त्याचं म्हणणं, "मासा कुठे आहे मॅडम, हे तर सीझनिंग आहे." तो फसवत नव्हता, हे मला तेव्हाही कळलं. पण घशाशी जे आलं ते आलं. रिक्षात सूनबाई रडत होती आणि तिची समजूत काढायची की माझी, हे कुणालाच कळेना. दुसऱ्या दिवशी स्थानकात जाऊन महासतीजींकडे आलोयणा घेतली. त्यांनी एक आयंबिल दिलं आणि सूनबाईला आणखी बोलू नका असं बजावलं. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती, कारण मी बोलले काहीच नव्हते, पण गप्प बसणं हेही बोलणंच असतं.

मी बी.कॉम. आहे. हिशेबात एक रुपया जुळला नाही की मागच्या सगळ्या नोंदी काढून बसायची सवय अजून जात नाही. त्या मुलाला ती चटणी मासा का वाटली नाही, हा न जुळलेला रुपया होता. म्हणून शोधायला लागले, आणि शोधता शोधता कुठल्या कुठे जाऊन पोचले.

ती बाटली म्हणजे न्युक माम. समुद्रातले छोटे मासे आणि मीठ मोठ्या लाकडी पिंपांत थरावर थर भरून महिनोन्महिने, कधी वर्षभर मुरत ठेवतात आणि खालून जो लालसर रस गळतो तो गाळून वापरतात. फू कुओक बेटावरचा नावाजलेला. लांबच लांब किनारा, दमट हवा, मासा एका हंगामात उदंड आणि लगेच नासणारा. टिकवायचा मार्ग म्हणजे मीठ. हळूहळू तो रस हेच तिथलं मीठ झालं. आपण भाजीत काय काय घातलं ते सांगताना मीठ घातलं असं म्हणतो का? नाही. तसंच त्यांचं. म्हणून तुकडा दिसत नसला की ते पदार्थाला बिनमांसाचा समजतात. आपल्याकडे एखादी "यात अंडं नाही" म्हणून केक पुढे करते आणि त्यात जिलेटिन असतं, त्यातलाच प्रकार.

पण मुंबईत आपण याआधीही परक्या रसोडांना आपलं वळण लावलंच आहे. 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी चिकन मंचुरियन काढलं, असं सांगतात. त्याचं फ्लॉवरचं मंचुरियन झालं आणि मग बघता बघता गाडीगाडीवर "जैन चायनीज" पाट्या लागल्या. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं आलं. घाटकोपरच्या खाऊगल्लीत "जैन पाहिजे का?" हे विचारायचीही गरज नसते, दुकानदारच आधी विचारतो. या सवयीने आपण निर्धास्त झालो. "जैन" हा शब्द उच्चारला की समोरच्याला सगळं कळलं असं आपण धरून चालतो. त्याला कळलेलं असतं कांदा-लसूण-बटाटा, एवढंच.

त्यांच्या दोन प्रसिद्ध पदार्थांचं थोडक्यात सांगते, कारण दोन्ही आपल्याला बाद आहेत. पहिला फो, म्हणजे भाताच्या शेवयांचं सूप. नाव जगभर झालं तरी तो काही फार प्राचीन नाही. उत्तर व्हिएतनाममध्ये हनोई आणि नाम दिन्ह या भागात एकोणिसावं शतक संपता संपता तो तयार झाला. तोवर तिथला शेतकरी बैल नांगराला ठेवी. फ्रेंच राज्य आलं, साहेबाला गोमांस लागे, हाडं उरत. ती उकळून हा रस्सा निघाला. 1954 साली देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा आठ-दहा लाख माणसं उत्तरेतून दक्षिणेत गेली आणि सोबत फोही गेला. सायगॉनला त्यात वरून मोड आलेले मूग आणि ओंजळभर पालापाचोळा पडू लागला. "व्हेज फो" म्हणून जो मिळतो त्यात रस्सा भाजीचा असला तरी मुळ्याचा, गाजराचा, भाजलेल्या आल्या-कांद्याचा असतो. म्हणजे जमीकंदाचंच पाणी.

दुसरा बान्ह मी. बान्ह म्हणजे पिठाचा पदार्थ, मी म्हणजे गहू. तिथे गहू पिकत नाही. फ्रेंचांनी पाव आणला, आधी तो साहेबाचा होता, मग 1950 च्या दशकात सायगॉनमध्ये तो भरून, कागदात गुंडाळून रस्त्यावर विकायला लागले. आपल्याकडे पाव पोर्तुगीजांनी आणला आणि त्यात वडा आपण घातला; गोष्ट तीच. फक्त वड्यात बटाटा आहे आणि बान्ह मीत गाजर-मुळ्याचं लोणचं. दोघांच्या पोटात जमीकंद! एकाही देशाच्या पाववाल्याला आपली दया आली नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते.

त्यांच्याकडे मांसाशिवायच्या जेवणाला वेगळा शब्द आहे: चाय. उच्चार ऐकायला हिंदीतल्या चहासारखाच, त्यामुळे मी घरात म्हटलं तेव्हा ह्यांनी "मलाही अर्धा कप" म्हणून सांगितलं. हा शब्द मूळ चिनी, आणि त्याचा अर्थ व्रत, उपास, शुद्धी असा. म्हणजे "व्हेज" हा शब्द भाजीचा आहे आणि "चाय" हा शब्द धर्माचा. हा फरक मला फार मोलाचा वाटला. त्या मुलाला मी "व्हेज" म्हटलं, त्याने भाजी दिली. चूक कुठे झाली ते तिथे कळलं.

चाय पाळायचे दिवसही ठरलेले. चांद्र महिन्याची पहिली तिथी आणि पंधरावी, म्हणजे अमावास्या संपून येणारा पहिला दिवस आणि पौर्णिमा. त्या दिवशी एरवी सगळं खाणारी घरंसुद्धा मांस-मासा वर्ज्य करतात. ज्यांची श्रद्धा जास्त ते महिन्यातून चार, सहा किंवा दहा दिवस पाळतात. वाचताना मला माझ्या सासूबाईंचं भिंतीवरचं पंचांग आठवलं. बीज, पाचम, आठम, अग्यारस, चौदस यांना पेन्सिलीने गोल केलेले. कुठे हनोई आणि कुठे आमचं नगर! पण बायका सकाळी उठून आज तिथी कुठली ते बघतात आणि त्याप्रमाणे चुलीवर काय चढवायचं ते ठरवतात, हे दोन्हीकडे सारखं.

आणि चायमध्ये कांदा-लसूणही नाही. महायान बौद्ध साधू पाच उग्र वस्तू सोडतात: कांदा, लसूण, लीक, चिनी लसणीची पात आणि पाचवी कोणती, तर बऱ्याच यादींत चक्क हिंग. आपण कांदा-लसूण नाही म्हणून ज्याच्या जोरावर फोडणी करतो तोच हिंग! कारण वेगळं आहे. ते म्हणतात या वस्तूंनी राग आणि वासना वाढतात. आपलं मुख्य कारण अनंतकायाचं, एका कंदात अनंत जीव. म्हणून चायच्या हॉटेलात कांदा नसला तरी बटाटा, गाजर, मुळा, ओलं आलं, अळंबी हे सगळं खुशाल चालतं. चाय म्हणजे जैन नव्हे. पण निम्मी वाट झालेली असते.

हे आलं कुठून? भगवान बुद्धांच्या काळी भिक्षेत पडेल ते घेण्याची रीत होती, ती श्रीलंका-थायलंडकडे राहिली. चीनमध्ये सहाव्या शतकात लिआंग घराण्याचा सम्राट वू (राज्यकाळ 502 ते 549) याने साधूंना मांस आणि मद्य सोडायला लावलं. त्या वेळी उत्तर व्हिएतनाम लिआंगच्याच राज्यात होता. पुढे त्यांचा स्वतःचा एक राजा झाला, त्रान न्हान तोंग, 1258 ते 1308. याच्या कारकिर्दीत मंगोलांची मोठमोठी सैन्यं 1285 आणि 1288 साली परतवली गेली. एवढा विजयी राजा 1293 मध्ये मुलाला गादी देऊन बाजूला झाला, येन तू डोंगरावर गेला, साधू झाला आणि त्याने त्रुक लाम म्हणजे बांबूचं बन या नावाचा पंथ स्थापन केला. दीक्षेच्या किती कथा आपण व्याख्यानात ऐकतो! ही व्याख्यानात कधी आली नाही, पण ऐकायला बसले असते तर डोळे मिटून आपलीच समजले असते.

आता चंपापुरी.

व्हिएतनामच्या मधल्या आणि दक्षिण किनाऱ्यावर हजार वर्षांहून जास्त काळ एक वेगळं राज्य होतं, त्याचं नाव चंपा. संस्कृतात शिलालेख, मी सन इथे विटांची शिवमंदिरं. 1999 पासून ती जागतिक वारशात आहेत, आणि 2020 च्या मे महिन्यात आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तिथे काम करताना एकाच दगडातलं नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं. त्या राज्याच्या भागांची नावं बघा: इंद्रपूर, अमरावती, विजय, कौठार आणि पांडुरंग. होय, पांडुरंग. आजचं फान रांग शहर म्हणजे जुनं पांडुरंग. उत्तरेच्या दाई व्हिएत राज्याने 1471 साली विजय जिंकलं, तरी पांडुरंग तग धरून राहिलं, ते थेट 1832 पर्यंत. हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, ह्यांना उठवून सांगितलं.

आणि चंपा हे नाव? एक तर चाफ्याचं, नाहीतर आपल्या चंपा नगरीवरून, म्हणजे आजच्या भागलपूरजवळची अंगदेशाची राजधानी. अनेक अभ्यासक दुसऱ्या बाजूचे आहेत. मैत्रिणींनो, ही तीच चंपापुरी, जिथे बाराव्या तीर्थंकरांची, वासुपूज्य स्वामींची पाचही कल्याणकं झाली. श्रीपाळ राजाची चंपा. ओळीत नऊ दिवस आपण जिचं नाव ऐकतो ती.

चंपेचे व्यापारी समुद्रावर जात, हे मी इतिहासाच्या पुस्तकाआधी उत्तराध्ययनातच ऐकलं होतं, फक्त लक्ष दिलं नव्हतं. दिवाळीत वाचनी असते तेव्हा एकविसाव्या अध्ययनाला निम्म्या जणी पेंगत असतात. त्यात चंपेचा पालित नावाचा श्रावक आहे, भगवान महावीरांचा अनुयायी. तो जहाजाने पिहुंड नगराला व्यापाराला गेला. ते कलिंगाच्या किनाऱ्यावर असावं असं मानतात. तिथल्या व्यापाऱ्याने त्याला मुलगी दिली, परत येताना समुद्रातच ती बाळंत झाली, म्हणून मुलाचं नाव समुद्रपाल. पुढे तो खिडकीतून वधस्तंभाकडे नेला जाणारा गुन्हेगार बघतो आणि दीक्षा घेतो. ज्ञाताधर्मकथेतले माकंदीचे दोन मुलगे चंपेचेच. अकरा वेळा समुद्रावर जाऊन सुखरूप आले आणि बाराव्या वेळी आईबापांचं न ऐकता गेले तेव्हा जहाज फुटलं.

मला पालितच्या बायकोचं फार वाटतं. तिचं नावसुद्धा दिलेलं नाही. परक्या गावची मुलगी, चंपेच्या श्रावकाच्या घरात येणार, तिला कोणी सांगितलं असेल काय खायचं आणि काय नाही? तिच्या पिहुंडात किनाऱ्यावर काय शिजत असेल? आणि पालित जहाजावर महिना महिना काय खात होता, हे आगमात कुठेच नाही. आपले शेजारी व्हिएतनामला सहलीला जाताना खाकरे, थेपले, मेथीचं सुकं लोणचं आणि सोबत महाराज नेतात. पालितानेही काही बांधून नेलं असेलच, त्याशिवाय श्रावक श्रावक कसा राहिला?

आपले साधू-साध्वी पायी विहार करतात, वाहनात बसत नाहीत, समुद्र ओलांडत नाहीत. बौद्ध भिक्षू व्यापाऱ्यांच्याच जहाजांतून गेले. तिसऱ्या शतकातला एक भिक्षू, चिनी लोक त्याला कांग सेंगहुई म्हणतात, त्याचं घराणं पूर्वी भारतात राहिलेलं. बाप व्यापारासाठी उत्तर व्हिएतनामात गेला, मुलगा तिथे भिक्षू झाला आणि 247 साली चीनच्या नानजिंगला धर्म घेऊन पोचला. आपल्याकडे श्रावक पुढे जाई आणि साधू मागे राहत. म्हणून चंपेच्या शिलालेखांत शिव आहे, विष्णू आहे, बुद्ध आहे, आणि आपल्या नगरीचं फक्त नाव आहे.

हे सगळं मी सूनबाईला रोज संध्याकाळी थोडं थोडं सांगत होते. आमचं बोलणं त्यानेच परत सुरू झालं, खरं तर. एक दिवस तीच म्हणाली, "आई, त्याला कागदावर लिहून देऊ या का?"

लिहून दिलं. मासा-मुरवलेलं काही नाही. अंडं नाही. मध नाही. कंद नाही, ओलं आलं-हळद नाही, सुंठ आणि हळदपूड चालेल. मोड आलेलं काही नाही. अळंबी नाही. शेंगदाणे चालतील, ते जमिनीखाली येत असले तरी कंद नव्हेत. चमचा-कढई वेगळी. आणि शेवटी मोठ्या अक्षरात: "चाय". तो मुलगा वाचून हसला, म्हणाला आमचा कूक हे लगेच समजेल. आणि समजला. तो कूक पूर्वी दोन वर्षं एका व्हिएतनामी हॉटेलात होता, चायच्या दिवशी वेगळी भांडी काढायची त्याला सवय होती. सूनबाईने आत जाऊन बघितलं.

त्या सुरळ्यांचा पापड मात्र आम्ही या वेळी सोडला. भाताचं पीठ वाफवून, बांबूच्या चटईवर वाळवून करतात, आपल्या सालपापड्यांचा सख्खा भाऊ. पण पुडक्यावर बारीक अक्षरात टॅपिओका होता. तो कसाव्याचा कंद, ज्याचा साबुदाणा होतो. साबुदाण्यावरून आपल्यात जे दोन तट आहेत त्यात मी आत्ता पडत नाही.

मग बान्ह सेओ मागवलं. सेओ म्हणजे तव्यावर पीठ पडताना होणारा चर्र आवाज. पिवळंजर्द, अर्धं दुमडलेलं. शेजारच्या टेबलावरच्या एक बेन आमच्याकडे अशा बघत होत्या की मला त्यांना जाऊन सांगावं लागलं, हे आम्लेट नाही, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि हळद आहे. म्हणजे आपलं घावन. आत शिजवलेली मुगाची डाळ आणि सिमला मिरची. चटणी चिंच-गुळाची, वर लिंबू आणि शेंगदाण्याचं कूट. वासाला गवती चहा. शेवटी नारळाच्या दुधातली मुगाच्या डाळीची गोड खीर, तिला चे म्हणतात. नारळाचं दूध म्हणजे द्विदलाचीही भानगड नाही.

येताना मालकाने फडताळातली बाद्यानची बरणी उघडून वास दाखवला. व्हिएतनामच्या उत्तरेला लांग सोन प्रांत त्यासाठी प्रसिद्ध, आणि आपल्याकडे येणारं बरंचसं बाद्यान तिथून आणि चीनमधूनच येतं. म्हणजे आमच्या काळ्या मसाल्यात व्हिएतनाम आजीच्या आजीपासून आहे आणि आम्ही मात्र नव्या हॉटेलात नवं काही खायला आलो होतो.

एक गोष्ट राहिली. मेनूत "मॉक डक" होतं, सोयाचं, बदकाच्या चवीचं. चायच्या हॉटेलांत असले प्रकार पुष्कळ असतात. नातीला ते हवं होतं, "आजी, यात खरं काहीच नाही." मी तिला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. हरिभद्रसूरींच्या आठव्या शतकातल्या समराइच्चकहेत ती आहे, 959 साली सोमदेवसूरींनी यशस्तिलकात ती पुन्हा विस्ताराने सांगितली. वाईट स्वप्न पडलं म्हणून आई म्हणते बळी दे. राजा नाही म्हणतो, शेवटी तडजोड म्हणून कणकेचा कोंबडा करतात आणि तो मारतात. त्या कणकेच्या कोंबड्यापायी आई आणि मुलगा मोर, कुत्रा असे जन्मामागून जन्म भोगतात. जीव नव्हता, पण मारायचा भाव होता.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग माझी प्राण्यांची बिस्किटं?"

माझ्या सासूबाई तसली बिस्किटं घरात येऊ देत नसत. मी येऊ दिली, माझ्याच हाताने डब्यात भरली. उत्तर सुचेना. सूनबाई माझ्याकडे बघून हसली, तीन महिन्यांनी पहिल्यांदा. सूर्यास्ताला वीस मिनिटं होती. पाणी पिऊन घेतलं, पचक्खाण केलं आणि उठलो. बिस्किटांचं अजून ठरलेलं नाही. तुमच्या घरी काय करता ते जरूर कळवा.